सिनेमा करायचाय? आधी सतरंज्या मोजा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "भाऊ, पिक्चर काढून राहिलो. कॅमेरा कोणता घेऊ?" कधी वणीहून, कधी सिंदेवाहीहून, एकदा तर थेट धारणीहून. मी कॅमेऱ्याचं नाव सांगत नाही. विचारतो, "पाहणार कोण? कुठं बसून? कोणत्या महिन्यात?" पलीकडचा पोट्टा गप्प होतो. मग म्हणतो, "ते नंतर पाहू ना." तिथंच घोडं पेंड खातं.

मीही पहिल्या वेळी असंच केलं होतं. म्हणून हा लेख उलट्या टोकाकडून लिहितोय. ज्यांना पहिला मोठा सिनेमा किंवा निदान अर्ध्या तासाची फिल्म करायची आहे आणि ज्यांचं गाव आपल्या विदर्भात, तालुक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत आहे, त्यांच्यासाठी.

१. पाहणारा आधी ठरवा

हे शिकायला मुंबईला जाऊ नका, वडशाला जा. देसाईगंज-वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत गावोगाव रात्रभर खेळ करतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकी महाराष्ट्राला तिचं नाव कळलं. पण आपल्याला तिथून शिकायचा आहे तो धंदा. कंपनी प्रेक्षक शोधत फिरत नाही. गावातलं मंडळ ठरलेल्या रकमेला खेळ घेतं, तिकिटं तेच खपवतं, मंडपही तेच बांधतं. तारीख ठरते ती मंडईवर (दिवाळीनंतरची गावजत्रा) नाहीतर शंकरपटावर (बैलांच्या शर्यती), कारण त्या दिवशी लेकी-जावई गावात आलेले असतात. म्हणजे प्रेक्षक आधी, तारीख नंतर आणि नाटकाची जुळवाजुळव त्याहून नंतर.

तुमच्यापुढं ढोबळमानाने तीन वाटा आहेत: टॉकीज, मोकळं मैदान आणि मोबाइल. तिन्ही जमतील असं वाटतं, पण एकीला मुख्य धरा. मोबाइलसाठीच्या फिल्मला बारा-पंधरा मिनिटं पुरतात आणि आवाज छोट्या स्पीकरवर कळला पाहिजे. टॉकीजसाठी दोन तास लागतात आणि पाच बाजूंनी येणारा आवाज. मैदानासाठी रात्रीची अंधारी दृश्यं कमी ठेवा. गावच्या पडद्यावर ती नुसती काळी दिसतात. हे सगळं पटकथा लिहितानाच कळलेलं बरं.

२. गोष्ट, बोली आणि नाव

आपल्या बोलीचा सिनेमावाल्यांनी बरीच वर्षं एकच उपयोग केला: हसवायला. नोकर, दारुडा, बावळट पाहुणा, यांच्या तोंडी वऱ्हाडी. तुम्ही तरी ते करू नका. आणि 'विदर्भाची बोली' अशी एक बोली नाही हे ध्यानात ठेवा. दर्यापूरचा माणूस आणि साकोलीचा माणूस एकसारखं बोलत नाहीत. वऱ्हाडी वेगळी, झाडीबोली वेगळी. माडिया किंवा कोरकू आदिवासी माणसाच्या तोंडी मोडकंतोडकं मराठी घालण्यापेक्षा त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि खाली अक्षरं टाका. संवाद लिहून झाले की गावातल्या एखाद्या आजीला वाचून दाखवा. ती जिथं "असं कोन बोलते बावा?" म्हणेल तिथं खूण करा.

पटकथा पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा. उद्या कोणी उचलली तर तारखेचा पुरावा राहतो. सिनेमाचं नाव निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवायचं असतं. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. पोस्टर छापल्यावर कळलं की नाव दुसऱ्याच्या खात्यात आहे, तर पोस्टर चुलीत जातं.

३. शूटिंगचं वेळापत्रक पिकाला विचारून करा

शहरातून आलेले लोक इथं हमखास चुकतात. पटकथेत लिहिलेलं असतं, 'नायक पांढऱ्याशुभ्र कपाशीच्या शेतातून चालतो.' हे शेत पांढरं असतं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिल्या वेचणीच्या आधी. शेतमालक तुमच्यासाठी वेचणी थांबवणार नाही. थांबवली आणि अवकाळी आला तर कापूस भिजेल आणि गावात तुमचं तोंड दाखवायची सोय राहणार नाही. वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा करतात. ते दृश्य हवं असेल तर शेतकऱ्याच्या घरच्या बाईशी बोलून दिवस ठरवा आणि पूजा त्यांची त्यांना करू द्या. कॅमेरा दहा पावलं मागं.

पूर्वेकडं धानाचं गणित वेगळं. रोवणी जुलै-ऑगस्टची, कापणी नोव्हेंबरची. बांध्यांमधलं पाणी आणि वाकलेल्या बाया एकदा हुकल्या की पुढचं वर्ष. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामागोमाग मोह टपकतो. सोयाबीनचं शेत ऑक्टोबरात उघडं पडतं. म्हणून आधी दृश्यांची यादी करा, तिच्यापुढं महिना लिहा आणि मग कलाकारांच्या तारखा मागा. एकाच गोष्टीत हिरवी कपाशी आणि फुललेला पळस असेल, तर शूटिंगचे दोन टप्पे होणारच, खर्च तसाच धरा.

मे महिन्यात करूच नका. पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी अकरा ते चार माणूस उभा राहत नाही, तापलेला कॅमेरा आपोआप बंद पडतो. आणि घरात कूलर. गावातले सगळे कूलर बंद करायला लावून एक संवाद घ्यायचा म्हणजे सरपंचाची निवडणूक लढवण्याइतकं काम.

४. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मी इथंच सगळ्यात जास्त पैसे घालवलेत. नीट वाचा.

*बैल.* गावाकडचा सिनेमा म्हणजे बैलजोडी आलीच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या *आधी* घ्यावी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. जनावराच्या मालकाची संमती आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि सिनेमा झाल्यावर त्यांचं ना हरकत प्रमाणपत्र. ते नसेल तर सेन्सॉरचं काम अडतं. माझ्या पहिल्या सिनेमात नायिकेच्या मागून एक बैलबंडी जात होती, बस. कागद नव्हता. तीन दृश्यं कापली, त्यातलं एक सिनेमातलं सगळ्यात चांगलं होतं. चूक माझीच होती. कोंबडी, कुत्रा, बकरी यांनाही हाच नियम आहे, हे लक्षात ठेवा.

*लहान मुलं.* बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये विश्रांती दिल्याशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही आणि सलग २७ दिवसांच्या वर नाही. त्याच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत ठेवायचे. "आपल्याच भावाचा पोरगा आहे" हे उत्तर चालत नाही.

*खर्रा.* आपल्याकडं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटणाऱ्या माणसाशिवाय पानठेल्याचं दृश्य खरं वाटत नाही. पण पडद्यावर तंबाखू आली की सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांच्या आरोग्य जाहिराती, २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन आणि त्या दृश्याच्या खाली वैधानिक इशारा, हे सगळं लावावं लागतं. दृश्य गरजेचं असेल तर ठेवा. नुसता 'लोकल टच' म्हणून असेल तर त्याच्या हातात चहाचा कप द्या.

*गाणी.* वरातीचं दृश्य आहे, बँडवाले सवयीने एखादं गाजलेलं हिंदी गाणं वाजवतात आणि तुम्ही तेच रेकॉर्ड करता. ते वापरता येत नाही. बँडला नवी चाल द्या किंवा आवाज नंतर घाला. भजनाचंही तेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आपल्या गावागावांत रोज म्हटली जातात, त्यामुळं ती सगळ्यांचीच वाटतात. महाराज १९६८ साली गेले आणि कायद्याने लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. गुरुकुंज मोझरीच्या त्यांच्या आश्रमात विचारून घ्या. दंडारीची, म्हणजे आपल्या गावच्या लोकनाट्याची, पारंपरिक गाणी कोणाच्या मालकीची नाहीत, पण गाणाऱ्याच्या गळ्याचे पैसे द्या आणि सही घ्या.

*जंगल, ड्रोन, मंदिर.* वनखात्याच्या जमिनीवर साधी पायवाट दाखवायची तरी अर्ज लागतो. ताडोबा, पेंच, मेळघाट अशा व्याघ्र प्रकल्पांत नियम आणखी कडक आहेत. खरं तर गावच्या शिवारातलं सागाचं बन पडद्यावर तेच काम करतं, व्याघ्र प्रकल्पात कशाला जाता? ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत आणि हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा नकाशा सरकारच्या संकेतस्थळावर दिसतो. लग्नात उडतो म्हणजे शूटिंगमध्येही उडेल असं समजू नका. गडचिरोलीत तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, मगच पेटी उघडा. गडचिरोलीतल्या मार्कंड्यासारख्या जुन्या मंदिराला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. बाकी सरकारी जागांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, तरीही ग्रामपंचायतीचा ठराव आणि ठाणेदाराला पत्र हे दोन कागद खिशात असू द्या. अडवणारा माणूस संकेतस्थळ पाहत नाही, शिक्का पाहतो.

५. शूटिंग: आवाजावर पैसे घाला

कॅमेऱ्याबद्दल एवढंच सांगतो की भाड्याने घ्या आणि पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) आहेत का पाहा. टीव्ही आणि लग्नवाल्यांची सवय २५ ची असते. टॉकीजची प्रत २४ वर बनते. आम्ही निम्मा सिनेमा २५ वर काढला आणि मग एडिटरच्या शिव्या खाल्ल्या.

चित्र थोडं कमी असलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. आवाज कळला नाही तर तो उठतो आणि खर्रा खायला जातो. कॉलर माइकपेक्षा बूम माइक (लांब दांडीवरचा माइक) धरणारा एक जाणता माणूस ठेवा. मोटारपंप, पिठाची गिरणी, देवळातला भोंगा, एसटीची वेळ याची यादी पहिल्या दिवशीच करा. प्रत्येक ठिकाणी संवाद संपल्यावर सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून नुसता त्या जागेचा आवाज घ्या. एडिटिंगच्या वेळी तो सोन्याच्या भावाने कामी येतो.

जेवण गावातल्या बचत गटाला द्या. रोडगे आणि वांग्याची भाजी असली की शहरातला कॅमेरामनही दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो. पैसे मात्र रोजच्या रोज चुकते करा. उधारीवर चाललेल्या सिनेमाची बदनामी प्रदर्शनाच्या आधीच सगळ्या तालुक्यात पोचते.

६. एडिटिंगपासून प्रतीपर्यंत

इथं फार काही सांगण्यासारखं नाही. एकूण रकमेचा निदान एक तृतीयांश भाग शूटिंगनंतरच्या कामासाठी बाजूला ठेवा. बहुतेक जण सगळे पैसे शेतातच उडवतात. टॉकीजसाठी लागते ती डीसीपी, म्हणजे सिनेमाची डिजिटल प्रत. त्यात दोन आकार चालतात: फ्लॅट म्हणजे १९९८ × १०८० आणि स्कोप म्हणजे २०४८ × ८५८. कोणता हवा ते शूटिंगच्या आधी ठरवा, नाहीतर डोक्यावरचे फेटे कापले जातात. तयार प्रत कुलूपबंद असते आणि प्रत्येक पडद्यासाठी ठराविक दिवसांची डिजिटल किल्ली वेगळी येते. खेळाच्या आदल्या दिवशी किल्ली चालते का ते टॉकीजवाल्याला तपासायला लावा. फोनवर नाही, समोर उभं राहून.

७. सेन्सॉर

चौकात, शाळेत, टॉकीजमध्ये, फुकट की तिकिटाने, लोकांना जाहीरपणे सिनेमा दाखवायचा तर १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र हवंच. लघुपटालाही हवं. आपल्याला मुंबई कार्यालय लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा सिनेमा) वयानुसार तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, ते आता कायमचं असतं. फक्त यूट्यूबवर टाकायचा असेल तर याची गरज नाही. पण यूट्यूबवर आधी टाकलेला सिनेमा मग टॉकीजवाला घेत नाही आणि बरेच महोत्सवही नाकारतात. म्हणून क्रम पाळा: आधी महोत्सव, मग टॉकीज किंवा मैदान, शेवटी मोबाइल. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारीत असतो, गोव्याचा नोव्हेंबरात. अर्ज त्याच्या कितीतरी आधी बंद होतात.

प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.

८. वितरक आणि तिकिटाचं गणित

सिनेमाच्या बाजारात आपल्या मुलखाचं नाव आजही 'सीपी-बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, असं आहे. तो प्रांत १९५० मध्येच संपला, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेला, पण वितरकांच्या वहीत आपण अजून इंग्रजांच्या काळातच आहोत. वितरणाच्या या पट्ट्यात, म्हणजे सर्किटमध्ये, विदर्भाबरोबर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशचा काही भाग येतो. जुनं ठाणं अमरावती. तिथले वितरक मुख्यतः हिंदी सिनेमावर जगतात. मराठी सिनेमा घेऊन गेलात तर चहा नक्की मिळतो, शब्द मिळेलच असं नाही.

आता वही काढा. तिकीट १०० रुपये धरा. जीएसटीचे साधारण ५ गेले (सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८). उरले ९५. त्यातले निम्मे टॉकीजचे, तुमच्या बाजूला आले साडेसत्तेचाळीस. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर हातात चाळीस. सिनेमाला वीस लाख लागले असतील तर पन्नास हजार तिकिटं खपली पाहिजेत, म्हणजे ४०० खुर्च्यांची टॉकीज १२५ वेळा हाउसफुल. डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं आणि पोस्टरचा खर्च यात अजून धरलाच नाही.

निम्मा वाटा तरी पहिल्याच आठवड्याचा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात भांडण होऊन जे ठरलं त्यात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, मग ३० असा उतरत जातो. म्हणून 'हळूहळू लोक येतील' ही आशा महागात पडते. राज्य सरकारचं दर्जानुसार अनुदान आहे, ताजा शासन निर्णय वाचून अर्ज जरूर करा. पण ते पैसे मागून येतात. त्यांच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेऊ नका.

९. प्रचार

ट्रेलर, रील, व्हॉट्सअॅप स्टेटस हे सगळं करा, पोट्ट्यांना ते माझ्याहून चांगलं येतं. मी जे रीलमध्ये दिसत नाही तेवढंच सांगतो.

तारीख पैशाच्या हिशोबाने ठरवा. जून-जुलैत घरातला पैसा बियाण्यात गेलेला असतो. कापूस विकला गेला की डिसेंबर-जानेवारीत हात मोकळा होतो. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचा, त्यानंतर क्रिकेट. ज्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा येणार असेल तो सोडा.

मग आठवडी बाजार. प्रत्येक गावाचा वार वेगळा, त्यामुळं एकच भोंगा लावलेला ऑटो आठवड्यात सात बाजार करू शकतो. घोषणा कलाकाराच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि त्यात गावाचं नाव घ्या. शूटिंगमध्ये ज्या ज्या गावातला माणूस पडद्यावर दिसतो त्या गावाचं नाव पोस्टरवर छापा. गर्दीत उभं राहिलेल्या साठ माणसांची घरं हीच तुमची पहिली साठ कुटुंबं. त्यांचे फोन नंबर शूटिंगच्या दिवशीच वहीत लिहून घ्या. हे मी दुसऱ्या सिनेमाला शिकलो आणि त्या एका वहीने पोस्टरपेक्षा जास्त तिकिटं खपवली.

१०. मैदानातला खेळ

तालुक्याची टॉकीज मिळाली नाही, किंवा तिचं मंगल कार्यालय झालं असेल, तर मैदान आहेच. झाडीपट्टीसारखा ठरलेल्या रकमेला गावच्या मंडळाला खेळ द्या. तिकीट लावणार असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवान्याची चौकशी महिनाभर आधी करा. प्रोजेक्टर निदान पाच हजार ल्युमेन उजेडाचा, पडदा पंधरा फुटांच्या आसपास. पडदा पूर्व-पश्चिम वाऱ्याला आडवा बांधू नका, शिडासारखा फुगतो. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून हिवाळा बरा: डिसेंबरात पावणेसहाला अंधार पडायला लागतो, साडेसहाला सुरू केला की मध्यंतर धरूनही नऊला मोकळे. मे महिन्यात साडेसातपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही.

जनरेटर भाड्याने घ्या, लाइन राहील असं लाइनमनने सांगितलं तरी घ्या. पुढं मुलं, मधे बाया, कडेला खुर्च्यांवर म्हातारे आणि अगदी मागं मोटरसायकली, असं बसवा. मोटरसायकली पुढं आल्या की हेडलाइट पडद्यावर पडतो.

आणि सतरंज्या आल्या तेव्हा मोजा, परत देतानाही मोजा. थंडीच्या रात्री एखादी तरी कुणाच्या अंगावर घरी जाते आणि मंडपवाला तिचे पैसे निर्मात्याच्याच हिशोबातून कापतो.